स्थानिक दुकान आणि डिस्क गोल्फ खेळाडूंच्या खरेदीच्या सवयी : अमेरिकेतील एका लहान बाजारपेठेचे विवेचन

प्रस्तावना

ऑनलाइन व्यापाराच्या विस्तारानंतर स्थानिक दुकानाचे स्थान काय उरणार, हा प्रश्न वाणिज्य व अर्थशास्त्राच्या अभ्यासकांपुढे गेली अनेक वर्षे उभा आहे. अमेरिकेत टॉवर रेकॉर्ड्स ही संगीतविक्रीची साखळी २००६ मध्ये बंद पडली आणि बॉर्डर्स या पुस्तकविक्रेत्या साखळीने २०११ मध्ये आपली दुकाने मिटली. या घटनांवरून ‘लहान आणि विशेष वस्तूंची दुकाने टिकणार नाहीत’ असा सरसकट निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु पुस्तकाची एक प्रत दुसऱ्या प्रतीसारखीच असते. ती कोठून घेतली याने वाचनात फरक पडत नाही. ज्या वस्तूंच्या बाबतीत एक नग दुसऱ्या नगासारखा नसतो, तेथे ग्राहकाचे वर्तन वेगळे असते काय, हे तपासणे म्हणूनच उद्बोधक ठरते.

या दृष्टीने डिस्क गोल्फ या खेळाची बाजारपेठ अभ्यासण्याजोगी आहे. वस्तू लहान, वजनाने हलकी, टपालाने पाठविण्यास सोपी आणि किमतीने माफक. म्हणजे ऑनलाइन विक्रीस अत्यंत अनुकूल. तरीही अमेरिकेतील या खेळाचे खेळाडू स्थानिक दुकानात जातात, तासभर डिस्क हाताळतात आणि पुन्हा पुन्हा येतात. या सवयीमागील कारणे कोणती व तिच्या मर्यादा कोणत्या, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. खेळाचे स्वरूप

डिस्क गोल्फमध्ये चेंडूऐवजी प्लॅस्टिकची चकती, म्हणजे डिस्क, हाताने फेकली जाते आणि खळग्याऐवजी खांबावर बसविलेली, साखळ्या लावलेली लोखंडी टोपली हे लक्ष्य असते. कमीत कमी फेकींमध्ये सर्व टोपल्या पूर्ण करणारा खेळाडू विजयी ठरतो. व्हॅम-ओ या कंपनीत काम केलेले एड हेड्रिक हे या खेळाचे प्रमुख प्रवर्तक मानले जातात. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात पहिले कायमस्वरूपी मैदान त्यांच्या पुढाकाराने तयार झाले. १९७६ मध्ये त्यांनी व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटनेची स्थापना केली आणि १९७७ मध्ये साखळ्यांच्या टोपलीचे पेटंट मिळविले.

आरंभी हा खेळ साध्या फ्रिस्बीने खेळला जात असे. १९८३ मध्ये डेव्ह ड्युनिपेस यांनी तिरक्या, निमुळत्या कडेची डिस्क तयार केली आणि त्याच वर्षी इनोव्हा ही कंपनी उभी राहिली. अशी डिस्क हवा कापत दूर जाते. या बदलानंतर डिस्क हे केवळ खेळणे न राहता विशेष हेतूने घडविलेले साधन बनले. लांब फेकीसाठी ‘ड्रायव्हर’, मधल्या अंतरासाठी ‘मिडरेंज’ आणि टोपलीजवळच्या फेकीसाठी ‘पटर’ असे तिचे मुख्य प्रकार रूढ झाले. मिशिगनमधील डिस्क्राफ्ट, स्वीडनमधील लॅटिट्यूड ६४ यांसारख्या उत्पादकांमुळे आज संघटनेने मान्य केलेल्या डिस्कचे एक हजाराहून अधिक प्रकार झाले आहेत.

आर्थिक दृष्टीने या खेळाचे एक वैशिष्ट्य आरंभीच लक्षात घ्यावे लागते. बहुसंख्य मैदाने सार्वजनिक उद्यानांत असून तेथे प्रवेशशुल्क नाही. चेंडूच्या गोल्फमध्ये खेळाडूच्या खर्चाचा मोठा भाग मैदानाच्या शुल्कावर जातो. येथे तो भाग जवळजवळ शून्य असतो. परिणामी खेळाडूचा पैसा मुख्यतः डिस्क, पिशवी आणि स्पर्धांची प्रवेश फी यांवरच खर्च होतो. खेळाच्या अर्थव्यवहारात दुकान हे दुय्यम ठिकाण नसून पैसा आत येण्याचे एक प्रमुख दार आहे.

२. एक नाव, अनेक वस्तू

डिस्कचे वर्णन सामान्यतः चार अंकांनी केले जाते : वेग, हवेत तरंगण्याची क्षमता, आरंभीचे वळण आणि शेवटचा कल. उजव्या हाताने बॅकहँड पद्धतीने फेकणाऱ्याची डिस्क वेगात असताना उजवीकडे झुकू शकते आणि मंदावताना डावीकडे जाते. तिसरा व चौथा अंक अनुक्रमे या दोन प्रवृत्ती दर्शवितात. हे अंक डिस्कवर किंवा तिच्या माहितीपत्रकात दिलेले असतात आणि ऑनलाइन खरेदी प्रामुख्याने त्यांच्याच आधाराने होते.

परंतु हे अंक उत्पादक स्वतःच ठरवितो. संघटना डिस्कला मान्यता देते ती तिच्या मापांवरून. तिच्या नियमांनुसार डिस्कचा व्यास किमान २१ सेंटिमीटर असावा लागतो. वजन व्यासाच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे ८.३ ग्रॅमपेक्षा आणि एकूण २०० ग्रॅमपेक्षा अधिक असू शकत नाही. त्यामुळे सर्वसाधारण ड्रायव्हरचे कमाल वजन १७५ ग्रॅमच्या आसपास येते. उड्डाणाच्या अंकांना मात्र असे समान प्रमाण नाही. एका कंपनीचा ‘नऊ’ हा वेग दुसऱ्या कंपनीच्या ‘नऊ’शी तंतोतंत जुळेलच असे नाही.

याहून महत्त्वाची बाब अशी की, एकाच कंपनीच्या एकाच साच्यातून निघालेल्या दोन डिस्कही सारख्या नसतात. वितळलेले प्लॅस्टिक साच्यात भरून ते थंड होताना आकसते. मिश्रण, रंगद्रव्य आणि थंड होण्याचा काळ यांनुसार आकसण्याचे प्रमाण बदलते. त्यामुळे एका डिस्कचा माथा फुगीर, तर दुसरीचा सपाट होतो. एक लवचीक, तर दुसरी ताठ असते. वजनात काही ग्रॅमचा फरक पडतो. फुगीर माथ्याची डिस्क सामान्यतः अधिक काळ तरंगते, तर सपाट डिस्क हातात वेगळी बसते आणि लवकर खाली येते. प्लॅस्टिकच्या प्रतीमुळे फरक आणखी वाढतो. स्वस्त प्लॅस्टिकची पकड चांगली असते, पण झाडावर आपटून ती लवकर झिजते आणि तिचे उड्डाण बदलते. उंची प्लॅस्टिक टिकाऊ असते, पण दर अधिक पडतो. स्वस्त डिस्क साधारण दहा डॉलरच्या आसपास, तर उंची डिस्क पंधरा ते वीस डॉलरच्या दरम्यान मिळते.

क्रिकेटची बॅट घेणारा खेळाडू एकाच छापाच्या चार बॅटी उचलून पाहतो, त्यांतील एक निवडतो आणि त्याला त्या निवडीचे कारण शब्दांत सांगता येईलच असे नाही. डिस्क गोल्फ खेळाडूचे वर्तन याच जातीचे आहे. तो एकाच नावाच्या दहा डिस्क खोक्यातून काढतो, कडेवरून बोटे फिरवितो, माथा अंगठ्याने दाबून पाहतो, दुकानातील तराजूवर वजन तपासतो आणि त्यांतील एक घेतो.

१९७० मध्ये फिलिप नेल्सन यांनी वस्तूंचे दोन वर्ग मांडले. पहिल्या वर्गातील वस्तूंचे गुण खरेदीपूर्वी पाहणी करून कळतात. दुसऱ्या वर्गातील वस्तूंचे गुण वापरल्यानंतरच समजतात. डिस्क या दोन वर्गांच्या सीमेवर उभी आहे. तिचे उड्डाण फेकल्याशिवाय कळत नाही. मात्र अनुभवी खेळाडू माथ्याची उंची, कडेचा ताठरपणा आणि वजन यांवरून त्याचा बराच अंदाज बांधू शकतो. हा अंदाज डोळ्यांपेक्षा हातांनी बांधला जातो. छायाचित्राने जे कळत नाही ते दुकानात कळते, आणि स्थानिक दुकानाचे पहिले बळ येथे आहे.

३. ग्राहकांचे वर्ग आणि त्यांच्या पसंती

खरेदीच्या सवयींच्या दृष्टीने ग्राहकांचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतात.

अ) नवशिके खेळाडू : या वर्गाला वस्तूपेक्षा मार्गदर्शनाची गरज अधिक असते. ज्या डिस्कवर वेगाचा अंक मोठा ती अधिक दूर जाईल, असा त्यांचा स्वाभाविक समज असतो. प्रत्यक्षात बारा-तेरा वेगाची डिस्क योग्य प्रकारे उडण्यासाठी हाताला तितका वेग लागतो. तो नसल्यास ती लवकर डावीकडे वळून जमिनीवर येते. कमी वेगाची, हलकी डिस्क अशा खेळाडूच्या हातून अधिक सरळ आणि बहुधा अधिक दूर जाते. जाणकार विक्रेता म्हणूनच नवशिक्याला महाग ड्रायव्हर न देता पटर, मिडरेंज आणि सौम्य ड्रायव्हर असा तीन डिस्कचा संच सुचवितो. एका विक्रीत त्याला कमी पैसे मिळतात. पण निराश होऊन खेळ सोडणारा ग्राहक खेळात टिकतो आणि परत येतो.

आ) नियमित खेळाडू : हा वर्ग दुकानाचा कणा होय. त्याची खरेदी मुख्यतः दोन कारणांनी होते : हरवणे आणि झिजणे. डिस्क तळ्यात पडते, झुडपांत नाहीशी होते. खेळाडू डिस्कच्या तळाशी आपले नाव व दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवतात, तरीही प्रत्येक डिस्क परत मिळत नाही. याच कारणाने रंगाची निवड ही केवळ आवडीची बाब राहत नाही. हिरव्या वा तपकिरी रंगाच्या डिस्क गवतात व पालापाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून गुलाबी, नारिंगी, भडक पिवळ्या डिस्कना मागणी असते. शनिवारच्या स्पर्धेसाठी शुक्रवारी हरवलेल्या डिस्कच्या जागी तशीच डिस्क हवी असेल, तर टपालाची वाट पाहता येत नाही. तत्काळ उपलब्धता हे स्थानिक दुकानाचे दुसरे बळ ठरते.

इ) संग्राहक : हा वर्ग डिस्क फेकण्यासाठीच घेतो असे नाही. नव्या साच्याचे पहिले उत्पादन, नामवंत खेळाडूच्या स्वाक्षरीचा छाप, मर्यादित संख्येत काढलेली चित्रे यांना त्याची पसंती असते. नामवंत खेळाडूंच्या नावाचे बाजारमूल्य किती, याची कल्पना पॉल मॅकबेथ यांच्या करारावरून येते. २०२१ मध्ये डिस्क्राफ्टने त्यांच्याशी दहा वर्षांसाठी एक कोटी डॉलरचा करार जाहीर केला. संग्राहकाला विशिष्ट नग हवा असल्याने तो ऑनलाइन बाजारातही तितकाच वावरतो. दुकानाशी त्याची निष्ठा तिन्ही वर्गांत सर्वांत कमी असते.

या तिन्ही वर्गांना जोडणारा एक प्रवाह वापरलेल्या डिस्कचा आहे. प्ले इट अगेन स्पोर्ट्ससारखी जुन्या क्रीडासाहित्याची दुकाने आणि अनेक विशेष दुकाने वापरलेल्या डिस्क घेतात व विकतात. छपाईत किंवा दिसण्यात दोष राहिलेल्या नव्या डिस्कही कमी दराने विकल्या जातात. झिजलेली डिस्क नेहमीच कमी प्रतीची समजली जात नाही. काही खेळाडू झिजून ‘सरळ’ झालेली डिस्क मुद्दाम शोधतात, कारण तिचे उड्डाण नव्या डिस्कमध्ये मिळत नाही. येथेही प्रत्येक नग स्वतंत्र असल्याने हाताळून घेण्यास पर्याय नसतो.

४. बक्षिसांची अर्थव्यवस्था

स्थानिक दुकानाचे तिसरे बळ स्पर्धांच्या रचनेत आहे आणि बाहेरच्या निरीक्षकाच्या ते सहसा लक्षात येत नाही. संघटनेच्या नियमांनुसार हौशी गटातील खेळाडूंना रोख बक्षीस दिले जात नाही. त्यांना वस्तुरूपाने किंवा वस्तूंसाठीच्या व्हाउचरच्या रूपाने बक्षीस मिळते. स्पर्धांत भाग घेणाऱ्यांची मोठी संख्या हौशी गटांतच असते. त्यामुळे प्रवेश फीच्या रूपाने गोळा झालेला पैसा अखेरीस डिस्क, पिशव्या, कपडे यांच्या रूपाने खेळाडूंकडे परततो.

व्हाउचर स्थानिक दुकानाचे असेल तर विजेता त्याच दुकानात येतो, आणि व्हाउचरच्या रकमेपेक्षा थोडे अधिक खर्च करणे हे मानवी स्वभावाला धरूनच असते. आयोजकाच्या दृष्टीनेही ही व्यवस्था सोयीची आहे. बक्षिसाचे मूल्य किरकोळ किमतीने मोजले जाते, तर माल घाऊक दराने मिळतो. या दोन किमतींमधील फरकातून स्पर्धेचा खर्च भागविण्यास मदत होते. दुकानदार, आयोजक आणि खेळाडू यांच्यातील हा व्यवहार म्हणजे एक प्रकारचे स्थानिक चलनच होय; त्याचे मूल्य ठराविक दुकानाच्या काउंटरवरच वटते. दर आठवड्याच्या लीग सामन्यांमध्येही हेच तत्त्व लहान प्रमाणावर चालते.

उत्पादकांनीही या रचनेचा उपयोग करून घेतला आहे. डिस्क्राफ्टच्या ‘एस रेस’ या उपक्रमात सहभागी खेळाडूला प्रवेश फीच्या बदल्यात नव्या डिस्क मिळतात आणि त्याच डिस्कने स्पर्धा खेळावी लागते. उत्पादकाला याद्वारे नव्या साच्याची चाचणी व प्रसिद्धी साधता येते, तर खेळाडूला वस्तू वापरून पाहण्याची संधी मिळते.

५. किंमत, कर आणि फुकट लाभ

वरील तिन्ही बळे असूनही स्थानिक दुकानाची बाजू निश्चिंत नाही. ऑनलाइन विक्रेत्याकडे हजारो प्रकार असतात. लहान दुकानाला मोजकेच प्रकार ठेवणे परवडते. अनेक विक्रेते प्रत्येक डिस्कचे स्वतंत्र छायाचित्र आणि नेमके वजन देऊ लागले आहेत. नगानगातील फरकाची माहिती अशा रीतीने अंशतः दूरवरूनही मिळू लागली आहे.

करव्यवस्थेचाही येथे संबंध येतो. १९९२ च्या क्विल प्रकरणातील निर्णयानुसार, ज्या राज्यात विक्रेत्याचे प्रत्यक्ष अस्तित्व नाही तेथे विक्रीकर गोळा करण्याची सक्ती त्याच्यावर नव्हती. स्थानिक दुकानदाराला मात्र तो घ्यावाच लागे. त्यामुळे समान किमतीची डिस्कही ऑनलाइन स्वस्त पडत असे. २०१८ मध्ये साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा नियम रद्द केला आणि राज्यांना दूरच्या विक्रेत्यांकडूनही कर वसूल करण्याची मुभा मिळाली. ही विषमता त्यानंतर बरीच कमी झाली. मोठ्या खरेदीवरील सवलत व मोफत टपाल यांची स्पर्धा मात्र कायम आहे.

खरी अडचण माहितीच्या मोबदल्याची आहे. ग्राहक दुकानात येतो, दहा डिस्क हाताळतो, विक्रेत्याकडून सल्ला घेतो आणि घरी जाऊन दोन डॉलर स्वस्त मिळते म्हणून ऑनलाइन मागणी नोंदवितो. लेस्टर टेल्सर यांनी १९६० मध्येच ही समस्या मांडली होती : विक्रीपूर्व सेवा देणारा विक्रेता खर्च करतो आणि सेवा न देणारा विक्रेता कमी किमतीत माल विकून तिचा फुकट लाभ घेतो. हे चालत राहिल्यास सेवा देणाराच बाजारातून बाहेर पडतो आणि अखेर ग्राहक व उत्पादक या दोघांचेही नुकसान होते. उत्पादकाने किमान किरकोळ किंमत ठरवून दिल्यास या समस्येला आळा बसू शकतो, असा युक्तिवाद त्यातून पुढे आला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९११ पासून चालत आलेला अशा करारांवरील सरसकट प्रतिबंध २००७ च्या लीजिन प्रकरणात उठविला आणि प्रत्येक कराराचा स्पर्धेवरील परिणाम स्वतंत्रपणे तपासण्याचे तत्त्व स्वीकारले. अर्थात, किमान किमतीचा भार ज्याला सल्ल्याची गरज नाही अशा अनुभवी ग्राहकावरही पडतो, हा आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

डिस्क गोल्फच्या संदर्भात या समस्येला आणखी एक पदर आहे. स्थानिक दुकानदार अनेकदा क्लबचा कार्यकर्ताही असतो. टोपल्यांची दुरुस्ती, नव्या मैदानासाठी नगरपालिकेशी बोलणी, लीगचे आयोजन, नवशिक्यांना शिकवणी ही कामे त्याच्या आणि त्याच्या ग्राहकांच्या श्रमांतून होतात. मैदानावर शुल्क नसल्याने या कामांसाठी स्वतंत्र निधी फारसा नसतो. दुकानातील नफ्याचा काही अंश त्यांना आधार देतो. म्हणून ऑनलाइन वाचलेले दोन डॉलर हा केवळ ग्राहक आणि दुकानदार यांच्यातील प्रश्न राहत नाही. ज्या मैदानावर ती डिस्क फेकायची त्याच्या देखभालीशीही तो जोडलेला असतो.

६. एम्पोरियाचे उदाहरण

कॅन्सस राज्यातील एम्पोरिया हे सुमारे पंचवीस हजार वस्तीचे गाव या संदर्भात उल्लेखनीय आहे. जेरेमी रस्को यांनी २००५ मध्ये स्थापन केलेली डायनॅमिक डिस्क्स ही कंपनी आरंभी केवळ विक्रेती होती. २०१२ मध्ये तिने स्वतःच्या नावाच्या डिस्क बाजारात आणल्या. त्या स्वीडनमधील लॅटिट्यूड ६४ च्या कारखान्यात तयार होत. विक्रेत्याचा उत्पादक होणे ही घटना अर्थपूर्ण आहे. काउंटरवर उभा राहणारा माणूस ग्राहक कोणती डिस्क उचलतो, कोणती परत ठेवतो आणि का ठेवतो हे रोज पाहतो; हे ज्ञान कारखान्यात सहजासहजी मिळत नाही.

त्याच गावात पूर्वी ‘ग्लास ब्लोन ओपन’ या नावाने भरणारी स्पर्धा वाढत जाऊन देशातील प्रमुख स्पर्धांपैकी एक बनली आणि २०१६ व २०२२ मध्ये व्यावसायिक जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही तेथे झाल्या. दुकान, स्पर्धा आणि मैदाने एकमेकांना पोसत असतील तर लहान गावही मोठ्या बाजारपेठेचे केंद्र होऊ शकते, हे या उदाहरणावरून दिसते. प्रत्येक दुकानाला हा मार्ग खुला आहे असे मात्र म्हणता येणार नाही. योग्य वेळ, उत्पादकाशी भागीदारी आणि गावाचा पाठिंबा या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्या होत्या.

२०२० च्या महासाथीने या बाजारपेठेची अनपेक्षित परीक्षा घेतली. उघड्यावर, अंतर राखून आणि विनाशुल्क खेळता येणारा खेळ म्हणून डिस्क गोल्फकडे नवख्यांचा ओघ सुरू झाला. उत्पादकांना मागणी पुरविता आली नाही व दुकानांतील खोकी रिकामी दिसू लागली. टंचाईच्या त्या काळात पसंतीपेक्षा उपलब्धतेला महत्त्व आले. जी डिस्क मिळेल ती घेतली गेली. पुरवठा पूर्ववत झाल्यावर निवडीची सवय परतली आणि तिच्याबरोबर किमतीची स्पर्धाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१) डिस्क गोल्फ खेळाडूंचे स्थानिक दुकानाकडे वळणे हे केवळ भावनिक निष्ठेमुळे नाही. एकाच नावाच्या वस्तूंतील नगानगाचा फरक, हरवलेल्या डिस्कची तत्काळ गरज आणि व्हाउचरच्या रूपातील बक्षिसे ही त्यामागील ठोस कारणे आहेत.

२) ग्राहकांच्या तीन वर्गांच्या गरजा भिन्न आहेत. नवशिक्याला सल्ला, नियमित खेळाडूला हाताळणी व उपलब्धता, तर संग्राहकाला दुर्मीळता हवी असते. पहिल्या दोन वर्गांना सेवा देण्यातच स्थानिक दुकानाची शक्ती आहे. तिसऱ्या वर्गासाठी ऑनलाइन बाजाराशी स्पर्धा करणे त्याला अवघड जाते.

३) स्थानिक दुकान जी सर्वांत मोलाची गोष्ट देते, म्हणजे माहिती व सल्ला, तिचा मोबदला त्याला डिस्कच्या किमतीतूनच मिळतो. सल्ला एका ठिकाणी आणि खरेदी दुसऱ्या ठिकाणी होऊ लागली की ही व्यवस्था ढासळते.

४) मैदाने विनाशुल्क असल्यामुळे दुकान ही या खेळाची अर्थवाहिनी आहे. तिच्या ऱ्हासाचा परिणाम व्यापारापुरता मर्यादित न राहता खेळाच्या सार्वजनिक सोयींपर्यंत पोहोचतो.

एखाद्या वस्तूसाठी स्थानिक दुकान टिकेल की नाही, याचे उत्तर ऑनलाइन व्यापाराच्या एकूण वाढीवरून मिळत नाही. त्या वस्तूचे दोन नग एकमेकांपासून किती भिन्न आहेत, ती भिन्नता ओळखण्यासाठी हाताचा स्पर्श किती आवश्यक आहे आणि ती ओळखण्यास मदत करणाऱ्याला त्याचा मोबदला कोणत्या मार्गाने मिळतो, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक वस्तूपुरती स्वतंत्रपणे शोधावी लागतात. डिस्क गोल्फच्या बाबतीत पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे स्थानिक दुकानाच्या बाजूने आहेत. तिसऱ्याचे उत्तर खेळाडूंच्या खरेदीच्या निर्णयांवर अवलंबून राहील.